एल्व्हिसचे पिक्चर बघायचे कसे, आणि कुठले सरळ सोडून द्यायचे

अमेरिकेचा रॉक अँड रोल गायक एल्व्हिस प्रेस्ली, त्याचे पिक्चर बघायचेत पण सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट सांगतो, रिलीजच्या क्रमाने बघू नका. ही चूक मी केलीय. १९५६ ते १९६९ या काळात त्याने नट म्हणून ३१ पिक्चर केले, आणि मी वहीत सगळी नावं लिहून पहिल्यापासून टिक करत निघालो होतो. दहाव्या-बाराव्या पिक्चरपर्यंत मला हिरो कोण, हिरॉइन कोण, गाडी कुठली आणि बोट कुठली काहीच वेगळं सांगता येईना, आणि वही गेली कपाटात. नंतर दोन-तीन वर्षांनी परत बघायला घेतले ते उलटसुलट, निवडून, मित्रांना सोबत घेऊन, आणि तेव्हा कुठे मजा यायला लागली.

तर आधी हे समजून घ्या की हे पिक्चर असे का आहेत, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही म्हणाल की हे काय चाललंय. एल्व्हिसला खरं तर सिरीयस नट व्हायचं होतं, जेम्स डीन आणि मार्लन ब्रँडोवर तो फिदा होता. सैन्यात जायच्या आधीचे त्याचे चार पिक्चर बघितले तर ते दिसतंसुद्धा. मग १९५८ ला तो आर्मीत गेला, जर्मनीत होता, १९६० ला परत आला आणि आल्या आल्या 'जी. आय. ब्लूज' केला, हलकाफुलका, गाण्यांनी भरलेला, आणि तो चालला. त्याच्यानंतर दोन जरा गंभीर पिक्चर केले, गाणी कमी, अभिनय जास्त, ते तेवढे चालले नाहीत. मग १९६१ ला 'ब्लू हवाई' आला आणि तुफान चालला, त्याच्या गाण्यांची रेकॉर्ड अमेरिकेत २० आठवडे एक नंबरवर होती. झालं, त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर (कर्नल वगैरे काही नाही, मानद पदवी होती ती) याला गणित सापडलं. पिक्चरमुळे रेकॉर्ड खपते आणि रेकॉर्डमुळे पिक्चर चालतो, मग दुसरं काही करायचंच कशाला.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मार्च १९६१ मध्ये एल्व्हिसने हवाईत पर्ल हार्बरच्या स्मारकासाठी एक कार्यक्रम केला, त्याला लागूनच तिथेच 'ब्लू हवाई'चं शूटिंग सुरू झालं, आणि त्यानंतर थेट जुलै १९६९ पर्यंत त्याने एकही जाहीर कॉन्सर्ट केली नाही. आठ वर्षं! म्हणजे तेव्हाच्या फॅनला एल्व्हिसला गाताना बघायचं असेल तर थिएटरात जाणं हाच जवळजवळ एकमेव रस्ता होता. हे डोक्यात ठेवून बघितलं की पिक्चर एकदम वेगळा दिसतो. स्टोरी नावाला आहे, ती दोन गाण्यांमधली सुतळी आहे. लोक आलेत ते माणूस बघायला.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की स्टोरीकडे लक्ष देऊच नका, एल्व्हिसच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या. प्रत्येक गाणं सुरू झालं की स्वतःला विचारा, हा आत्ता मनापासून गातोय का उरकतोय? चार-पाच गाणी बघितली की तुम्हाला आपोआप कळायला लागेल. मनापासून असेल तेव्हा ओठाचा एक कोपरा वर जातो, खांदा आधी हलतो आणि पाय मागून येतात, समोरच्या माणसाकडे बघून गातो, मध्येच हसू दाबतो. उरकत असेल तेव्हा नजर कुठेतरी लांब, एक हात गिटारवर उगाच ठेवलेला, तार वाजतेय का नाही याचा पत्ता नाही, आणि मान फक्त ठेक्यावर डावीउजवी. अजून खात्री करायची असेल तर गाण्याचा आवाज पूर्ण बंद करून परत बघा. गंमत नाही करत, खरंच करून बघा. गाणी आधी स्टुडिओत रेकॉर्ड व्हायची आणि सेटवर तो त्याच्यावर ओठ हलवायचा, आपल्याला काय प्लेबॅकची सवय आहेच, फक्त इथे आवाज त्याचाच. त्यामुळे आवाज कधीकधी फसवतो, कारण कितीही टुकार गाणं असलं तरी तो गायचा छानच. अंग मात्र खोटं बोलत नाही.

आता कुठला आधी. माझं उत्तर ठरलेलं आहे, 'व्हिवा लास वेगास', १९६४ चा. दीड तासाच्याही आत संपतो, रंग झकास आहेत, आणि मुख्य म्हणजे त्याच्यात अ‍ॅन-मार्गरेट आहे. बाकीच्या बहुतेक पिक्चरमध्ये हिरॉइन म्हणजे एल्व्हिस गात असताना कौतुकाने बघत बसणारी मुलगी, इथे ती त्याच्या बरोबरीने नाचते आणि काही ठिकाणी तर त्याला खाऊन टाकते. एल्व्हिसला समोर तोडीचं कोणीतरी मिळालं की तो काय होतो हे बघायचं तर हाच. स्टोरी सांगतो, दोन वाक्यात होते. हा लकी नावाचा रेसर, गाडीच्या इंजिनासाठी पैसे जमवतोय, स्विमिंग पूलमध्ये ढकलला जातो तेव्हा पैसे जातात, मग वेटरची नोकरी करतो, शेवटी रेस. पूलच्या कडेने दोघांचं जे भांडत भांडत गाणं आहे ते नीट बघा, शेवटी ती त्याला उडी मारायच्या फळीवरून कपड्यांसकट पाण्यात टाकते. आणि टायटल साँग स्टेजवर आहे ते एका सलग शॉटमध्ये घेतलंय, एकही कट नाही, ते बघताना मोजत बसा पाहिजे तर. कॉलेजच्या जिममधलं नाचाचं गाणं तर मी कितीवेळा बघितलंय ते सांगत नाही. या दोघांचं अजून एक ड्युएट रेकॉर्ड झालं होतं पण पिक्चरमधून काढून टाकलं, पार्करला वाटत होतं की ती पोरगी फारच जागा खातेय.

एक सूचना, हाच पिक्चर ब्रिटनमध्ये 'लव्ह इन लास वेगास' नावाने लागला होता, आणि 'स्पिनआउट' तिकडे 'कॅलिफोर्निया हॉलिडे' झाला. तेव्हा दोन वेगळे पिक्चर समजून एकच दोनदा बघू नका. शिवाय हे पिक्चर पॅरामाउंट, एमजीएम, युनायटेड आर्टिस्ट्स, फॉक्स अशा वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत त्यामुळे सगळे एकाच ठिकाणी मिळतील अशी आशा ठेवू नका. आणि प्रिंट बघून घ्या, यातले चांगले पिक्चर रुंद पडद्यासाठी शूट केलेत, जुन्या टीव्हीसाठी दोन्ही बाजूंनी कापलेली कॉपी मिळाली तर नाचाच्या गाण्यात एल्व्हिस दिसेल आणि अ‍ॅन-मार्गरेटचा फक्त हात.

दुसरा कुठला बघायचा यावर आमच्यात नेहमी वाद होतो. बरेच जण म्हणतात 'ब्लू हवाई', मी म्हणतो आधी एकदा मागे जा आणि १९५७ चा 'जेलहाउस रॉक' बघा. तो हलकाफुलका नाहीये, ब्लॅक अँड व्हाइट आहे, हिरो मारामारीत माणूस मरतो म्हणून जेलमध्ये जातो आणि तिथे गिटार शिकतो, आणि बाहेर आल्यावर चांगला माणूस वगैरे अजिबात होत नाही, उद्धटच राहतो. पण तो बघितल्याशिवाय नंतरच्या पिक्चरमध्ये काय हरवलं ते कळणारच नाही. जेलच्या सेटवरचा जो नाच आहे त्याची गोष्ट भारी आहे. कोरिओग्राफर अ‍ॅलेक्स रोमेरोने आधी हॉलिवूडच्या पद्धतीच्या स्टेप्स बसवल्या होत्या, त्या एल्व्हिसला जमेनात. मग रोमेरोने रेकॉर्ड लावली आणि त्याला म्हणाला तू स्टेजवर नाचतोस तसा नाच, आणि त्यातूनच स्टेप्स उचलून नाच बसवला. म्हणूनच तो अजून ताजा वाटतो, ती त्याचीच चाल आहे. याच पिक्चरच्या वेळी त्याच्या दाताची कॅप निघून फुप्फुसात गेली आणि हॉस्पिटलमध्ये काढावी लागली, एवढा तो उड्या मारत होता. बहुतेक गाणी जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांची, त्यातला स्टोलर पिक्चरमध्ये पियानो वाजवताना दिसतो, शोधा. आणि हिरॉइन ज्यूडी टायलर, ती शूटिंग संपल्यावर थोड्याच दिवसांत कार अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेली, पिक्चर तिने बघितलाच नाही.

त्याच मूडमध्ये असाल तर लगेच 'किंग क्रिओल' पण उरकून घ्या, १९५८ चा, न्यू ऑर्लिन्समधला. डायरेक्टर मायकेल कर्टिझ, म्हणजे 'कासाब्लांका'वाला. हा पिक्चर पूर्ण करता यावा म्हणून एल्व्हिसला सैन्यात हजर व्हायला ६० दिवस मुदतवाढ मिळाली होती. सुरुवातीचं गाणं बघा, सकाळची वेळ, रस्त्यावरून एक बाई आरोळी देत चाललीय आणि हा बाल्कनीतून तिच्याबरोबर गातोय, बस्स. एवढं शांत आणि एवढं नैसर्गिक त्याच्याकडून परत क्वचितच झालं. यातली डोलोरेस हार्ट पुढे १९६३ ला हॉलिवूड सोडून नन झाली, ते वेगळंच.

आता 'ब्लू हवाई'. हलकीफुलकी स्टोरी आणि भरपूर गाणी, या साच्याचा हा मूळ पुरुष आहे, म्हणून बघायचाच, पण एका बैठकीत नाही बघितला तरी चालेल. १४ गाणी आहेत. सैन्यातून परत आलेला श्रीमंत घरातला मुलगा, घरचा अननसाचा धंदा नको म्हणतो आणि टुरिस्ट गाइड होतो. आई अँजेला लॅन्सबरी, जी प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा जेमतेम नऊ वर्षांनी मोठी होती, आणि तरी आईच्या रोलमध्ये धमाल करते. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध प्रेमगीत, 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह', या पिक्चरमधलं आहे आणि गंमत म्हणजे ते तो हिरॉइनला नाही, तिच्या आजीला म्हणतो, वाढदिवसाला म्युझिक बॉक्स आणलेला असतो त्याच्या सुरावर. लग्नात वाजणारं गाणं, आणि मूळ सीनमध्ये समोर आजीबाई! मला तो सीन फार आवडतो, कारण तिथे तो खरंच आजीकडे बघून गातो. मात्र याच पिक्चरमध्ये एका पोरीला मांडीवर आडवं टाकून फटके देण्याचा प्रकार आहे, तेव्हा तो विनोद होता, आता बघताना कसंतरी होतं. असं बऱ्याच पिक्चरमध्ये होईल, मुलींच्या मागे लागणं, बेटावरचे किंवा परदेशातले लोक म्हणजे नुसती सजावट, हे धरून चाला. घरातल्या लहान मुलांना दाखवणार असाल तर आधी स्वतः बघून घ्या.

हे चार झाले की मग खरी मजा, साचा ओळखायचा खेळ. चार-पाच जण जमवा. पिक्चर सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने सांगायचं की याच्यात एल्व्हिसची नोकरी काय असेल, आणि पहिली मारामारी कितव्या मिनिटाला. कारण बाकी काही बदलत नाही, नोकरी बदलते. 'स्पिनआउट' आणि 'स्पीडवे'मध्ये परत रेसर, 'किड गॅलहॅड'मध्ये बॉक्सर, 'फन इन अकापुल्को'मध्ये उंचीला घाबरणारा माजी झुल्यावरचा कसरतपटू (अकापुल्कोला तो स्वतः गेलाच नाही, तिकडची दृश्यं वेगळी घेतली आणि हा हॉलिवूडमध्ये), कधी हेलिकॉप्टर चालवतो, कधी समुद्रात बुड्या मारणारा पाणबुड्या, कधी बैल-घोड्यांवर बसून खेळ करणारा रोडिओवाला, आणि सगळ्यात शेवटी 'चेंज ऑफ हॅबिट'मध्ये चक्क डॉक्टर. आपण ज्या पिक्चरांवर वाढलो त्यात हिरो नक्की काय काम करतो हा प्रश्न कोणी विचारायचं नाही, तेव्हा आपल्याला हे जड जाऊ नये. 'क्लॅमबेक' बघत असाल तर अजून एक काम करा, गोष्ट फ्लोरिडात घडतेय आणि फ्लोरिडा सपाट आहे, मागे डोंगर दिसले की टाळी वाजवायची. शूटिंग कॅलिफोर्नियाचं, लपवायचा प्रयत्नसुद्धा नाही.

'इट हॅपन्ड अ‍ॅट द वर्ल्ड्स फेअर'मध्ये एक छोटा पोरगा पैसे घेऊन एल्व्हिसच्या नडगीवर लाथ मारतो, तो कर्ट रसेल. मोठा झाल्यावर १९७९ च्या टीव्ही पिक्चरमध्ये हाच एल्व्हिस झाला. बाकी तो पिक्चर ठीकठाक.

'गर्ल हॅपी' मात्र चुकवू नका, १९६५ चा, माझ्या मते साच्यातल्या पिक्चरमध्ये 'व्हिवा'नंतर हाच. शेली फॅबरे आहे, तिने एल्व्हिसबरोबर तीन पिक्चर केले आणि दोघांचं जमतं हे दिसतं. यात तो चिडलेला नाही, कंटाळलेला नाही, उन्हात मजा करतोय असं वाटतं.

आणि मग येतात ते भयानक. 'हॅरम स्केरम', १९६५. एल्व्हिस अरबस्तानात, डोक्याला पागोटं, तीन आठवड्यांच्या आत शूटिंग उरकलेलं. पिक्चर तयार झाल्यावर पार्करने म्हणे सुचवलं की एक बोलणारा उंट निवेदक म्हणून टाका, म्हणजे लोकांना वाटेल आपण मुद्दाम असं केलंय. 'किसिन कझिन्स'मध्ये डबल रोल आहे, एक काळे केस आणि एक पिवळा विग, तोही असाच घाईत उरकलेला, आणि विग घातलेला एल्व्हिस पडद्यावर लाजल्यासारखा वाटतो. 'इझी कम, इझी गो'मध्ये योगाच्या क्लासमध्ये गाणं आहे, पायाच्या गाठी घालून गातो, समोर एल्सा लँचेस्टर, जी १९३५ च्या पिक्चरमध्ये फ्रँकेन्स्टाइनची नवरी होती. 'डबल ट्रबल'मध्ये तो लहान मुलांचं शेतकऱ्याचं बडबडगीत गातो, ट्रकच्या मागे, कोंबड्यांबरोबर. ज्या माणसाने 'जेलहाउस रॉक' केला तो दहा वर्षांनी कोंबड्यांबरोबर. ही दोन गाणी लागोपाठ लावून बघा, मी वर चेहऱ्याचं जे सांगितलं ते एका झटक्यात कळेल.

गाणी एवढी का पडली याला कारण आहे. एल्व्हिसने गाणं म्हणायचं तर गीतकाराने त्याच्या कमाईतला वाटा एल्व्हिसच्या पब्लिशिंग कंपन्यांना द्यायचा असा रिवाज होता. सुरुवातीला लोक आनंदाने द्यायचे, कारण त्याने गायलं की लाखोंनी खपायचं. पण साठीच्या दशकात चांगले लोक स्वतःच मोठे झाले, लीबर-स्टोलरसुद्धा बाजूला झाले, आणि उरले ते आठवड्यात डझनभर गाणी पाडणारे. मग कोळंबीवर गाणं, स्पोर्ट्स कारमध्ये रुंबा करायला जागा नाही यावर गाणं. 'स्पीडवे'मध्ये तर इन्कम टॅक्स ऑफिसात गाणं आहे, सगळे टॅक्स भरणारे उठून नाचतात. वाईट आहे, पण एवढं उघडपणे वाईट की मला आवडतं, आणि त्याच पिक्चरमध्ये नॅन्सी सिनात्रा आहे.

तरी या शेवटच्या ढिगात एखादं रत्न सापडतं म्हणून पूर्ण टाकून देऊ नका, गाण्यावरून गाण्यावर उड्या मारत जा. १९६८ च्या 'लिव्ह अ लिटल, लव्ह अ लिटल'मध्ये 'अ लिटल लेस कॉन्व्हर्सेशन' आहे, तेव्हा कोणी विचारलं नाही, २००२ ला त्याचं रिमिक्स झालं आणि ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. पार्टीत मुलीला बाहेर काढायला गातोय, दोन मिनिटांचं गाणं, आणि बघा, ओठाचा कोपरा वर गेलाय. आणि 'चारो' हे नाव गाण्यांच्या आशेने लावू नका, दाढीवाला एल्व्हिस आहे आणि पडद्यावर एकही गाणं गात नाही, टायटलला एक वाजतं तेवढंच.

मध्येच चव बदलायची असेल तर ब्रिटनचा गायक क्लिफ रिचर्ड घ्या, लखनौला जन्मलेला बरं का, १९४० ला. 'समर हॉलिडे' १९६३ चा, चार मेकॅनिक पोरं लंडनची डबल डेकर बस दुरुस्त करून तिच्यातून युरोप ओलांडत अथेन्सपर्यंत जातात. यात एल्व्हिससारखा करंट नाही, पण सगळा पिक्चर स्वच्छ धुतलेल्या कपड्यासारखा आहे. आणि बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' पण त्याच सुमाराचा, १९६४, तो बघितला की एल्व्हिसचा साचा एका रात्रीत म्हातारा कसा झाला ते दिसतं, म्हणून तो शक्यतो शेवटी ठेवा.

एका वेळी एकच पिक्चर, आठवड्याला एक, जास्त नाही. सबटायटल असतील तर गाण्यांना लावा आणि बोलण्याला नाही लावले तरी चालेल. आणि दहा-बारा झाले की उरलेल्यांचा हट्ट सोडून सरळ १९७० ची 'दॅट्स द वे इट इज' ही डॉक्युमेंटरी लावा. लास वेगासचे लाइव्ह शो त्यात आहेतच, पण आधीचा रिहर्सलचा भाग पुढे ढकलू नका. ती रिहर्सल एमजीएमच्या स्टुडिओत आहे, जिथे त्याने एवढे साच्यातले पिक्चर केले तिथेच, आणि आता तो बँडच्या पोरांमध्ये बसून गाण्याचे शब्द मुद्दाम चुकवतोय आणि स्वतःच हसतोय.